शीड उभारण्याआधी पंचांग उघडा

धाराशिव जिल्ह्याचा आणि कोकण किनाऱ्याचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षांश तपासा. कळंब ज्या अक्षांशावर आहे, जवळपास त्याच अक्षांशावर रेवदंडा आहे. तेरच्या सरळ पश्चिमेला मुरूडचा जंजिरा येतो. तुळजापूरच्या समोर हरिहरेश्वर, बाणकोट. आणि नळदुर्गच्या समोर हर्णे बंदर. म्हणजे कळंबहून नळदुर्गपर्यंत आपण जेवढे दक्षिणेला उतरतो, तेवढंच रेवदंड्याहून हर्णेपर्यंत समुद्रातून उतरायचं. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. कोकणचा किनारा जवळपास सरळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांतला फरक काढला की अंतर हातात येतं. कळंब-नळदुर्ग फरक साधारण 45 मिनिटांचा, म्हणून रेवदंडा-हर्णे साधारण 45 सागरी मैल. त्याखाली आणखी चौदा-पंधरा मैलांवर दाभोळची खाडी.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने शिडाच्या होडीचा नाद करावा का, हा प्रश्न दरवेळी विचारला जातो. करावा. ट्रेकिंगला हिमालयात जाणारी आपली मुलं घराच्या अंगणात बर्फ पाहून जात नाहीत. मात्र हा नाद हौसेवर चालत नाही, वेळापत्रकावर चालतो. आणि ते वेळापत्रक आपण ठरवायचं नसतं, पाणी ठरवतं. तीन-चार जणांनी पंचवीस-एक फुटी शिडाची होडी घेऊन रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ असा टप्प्याटप्प्याने प्रवास करायचा ठरवला, तर तयारी कशी करावी, याचा हा लेख.

आपल्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांमधून आडवाटेने भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा अजून पाहायला मिळतात. पण नाविकाने त्या पुस्तकातलं भडोच बंदराचं वर्णन वाचावं. नर्मदेचं मुख अरुंद, वाळूचे दांडे, पाण्याला भयंकर ओढ. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी आपल्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. भरती सुरू झाली की पुढे सरकायचं, ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं, पुन्हा भरतीची वाट पाहायची. खाडीत शिरण्याची याहून चांगली रीत दोन हजार वर्षांत निघालेली नाही. पहिल्या खेपेला त्या किनाऱ्यावरचा अनुभवी तांडेल सोबत घ्या. त्याची दिवसाची मजुरी जीपीएस यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

शिकायचं कुठे? मुंबईत क्लब आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर 1846 पासूनचा. पण उमरगा, लोहारा, नळदुर्गकडच्या वाचकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. हुसेनसागर तलावावर शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण चालतं, यॉट क्लब ऑफ हैदराबाद तिथे लहान मुलांपासून सगळ्यांना शिकवतो, आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यावर तिथे राष्ट्रीय पातळीच्या शर्यती होतात. तलावावर शिकण्यात कमीपणा नाही. तलावात भरती नसते, लाट नसते, त्यामुळे वारा आणि शीड एवढ्या दोनच गोष्टींकडे लक्ष देता येतं. वाऱ्याच्या तोंडावर होडी कशी थांबते, वाऱ्याला नागमोडी छेद देत पुढे कसं जायचं, अचानक झोत आला तर दोरी कधी सैल सोडायची, हे हाताला कळेपर्यंत समुद्राचं नाव काढू नये. आपल्याकडच्या धरणांच्या जलाशयात सराव करायचा विचार असेल, तर आधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या.

पोहण्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. मराठवाड्यात आपण विहिरीत पोहायला शिकतो आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते आणि काठ चार हातांवर असतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखात पडलेल्या माणसाला काठ दिसत राहतो, पण जवळ येत नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नसतं, अंगावर घालायचं असतं, आणि ते बंदरातून निघण्यापूर्वी. मुंबईजवळ 18 डिसेंबर 2024 रोजी नीलकमल या प्रवासी बोटीला झालेली धडक ज्यांनी टीव्हीवर पाहिली, त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको.

आता हंगाम. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि लहान शिडाच्या होडीने तर मेच्या मध्यापासूनच समुद्राला रामराम करावा. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही अरबी समुद्रात वादळं होतात. राहिला डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तोच उत्तम. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारे येतात, नऊ-दहाच्या सुमाराला ते पडतात, मध्ये तास-दोन तास शीड लुळं पडतं, आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात. दक्षिणेला जाणाऱ्याला हे वारे पाठीवर मिळतात. परत उत्तरेला यायचं म्हटलं की तेच वारे तोंडावर, आणि वेळ दुप्पट. नवख्यांनी एकाच दिशेचा प्रवास आखावा आणि होडी परत आणण्याची सोय आधीच मालकाशी बोलून ठेवावी.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातली माणसं तिथीवरून करतात. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. तीच वेळ सकाळी आणि साधारण तीच रात्री किंवा दुपारी. मध्ये सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जमतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी होते. नेमकी वेळ छापील भरती कोष्टकातूनच घ्यायची, पण सहलीचा आठवडा ठरवायला कालनिर्णय पुरेसं आहे.

आणि इथे बहुतेक जण चुकीचा आठवडा निवडतात. पौर्णिमेचं चांदणं समुद्रात किती छान, म्हणून पौर्णिमा धरतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, म्हणून खाडीच्या तोंडाशी ओढही सर्वांत जास्त. शिवाय भरती अकरा-साडेअकराला येऊन गेलेली असते. म्हणजे दुपारभर खारे वारे खाऊन तुम्ही संध्याकाळी चार-पाचला खाडीपाशी पोहोचता, तेव्हा ओहोटी तळाला गेलेली. पाणी कमी, वाळूचे दांडे उघडे. तासभर आधी पोहोचलात तर आणखी वाईट: बाहेर निघणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडतात आणि मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होड्या उलटतात त्या इथे, भर समुद्रात नव्हे.

त्याऐवजी षष्ठी ते नवमी हे चार दिवस धरा. शुक्ल असो की वद्य. पाण्याला भांग असतो, ओढ सौम्य असते. सप्तमीला भरती पहाटे सव्वापाचला आणि संध्याकाळी सव्वापाचला. सकाळी आठ-नऊला ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं, बाराच्या सुमाराला पाणी तळाला जातं तेव्हा तुम्ही खोल समुद्रात, आणि दुपारी चारला पुढच्या खाडीत चढत्या पाण्यावर शिरायचं, उजेड असताना. चुकून दांड्यावर टेकलात तरी पाणी चढत असतं, अर्ध्या तासात ते तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्र तिथेच. सहा तासांच्या भरतीत पहिल्या आणि शेवटच्या तासाला पाणी जेमतेम हलतं. मधल्या दोन तासांतच निम्मं चढतं. म्हणून शिरण्याची वेळ मधल्या दोन तासांनंतरची ठेवा.

रेवदंड्याहून राजपुरी पंधरा-सोळा मैल, राजपुरीहून बाणकोट वीसच्या आत, बाणकोटहून दाभोळ चोवीस-पंचवीस. ताशी चार मैलांचा वेग धरला तर पहिले दोन टप्पे दिवसाउजेडी आरामात होतात. तिसरा होत नाही. तो हर्णेला, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला तोडायचा.

धुकं. आपल्या किनाऱ्यावर भर समुद्रात दिवसच्या दिवस टिकणारं दाट धुकं विरळा. कोकणातलं हिवाळी धुकं खाड्यांमधलं. रात्री डोंगरउतारांवरची थंड हवा घरंगळत दरीत उतरते, खाडीच्या उबदार पाण्यावर पसरते आणि पहाटे पाण्यावर पांढरी चादर तयार होते. मतलई वारे हीच चादर ढकलत मुखाबाहेर मैल-दोन मैल नेतात. ऊन वर आलं की साडेआठ-नऊला ती विरते. म्हणजे या धुक्यावरचा खरा उपाय चहाचा दुसरा कप. भांगाच्या दिवसांत निघायला साडेनऊ झाले तरी ओहोटी शिल्लक असते; हीही षष्ठी-नवमीची सोय. समोरच्या तीरावरची ठरवलेली खूण दिसत नाही तोवर नांगर उचलायचा नाही, असा नियम आदल्या रात्री करा, कारण सकाळी प्रत्येकाला घाई झालेली असते.

तरीही कधी वाटेत गाठलंच, तर पहिल्या मिनिटात करायची कामं ठरलेली असावीत. एकाने ताबडतोब वेळ, जीपीएसवरचं ठिकाण आणि होकायंत्रावरची दिशा वहीत लिहायची. मोबाइलमध्ये नाही, वहीत. दुसऱ्याने होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसायचं आणि फक्त पाहायचं व ऐकायचं. तिसरा सुकाणूवर, त्याने बोलायचं नाही. वेग कमी. इंजिन चालू असेल तर दर काही मिनिटांनी मिनिटभर बंद करून कान द्यायचे. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते, पण आवाज वाढतोय की कमी होतोय हे कळतं. नुसत्या शिडावर असाल तर दोन मिनिटांच्या आत एकदा भोंगा: एक लांब, चार ते सहा सेकंदांचा, आणि लगेच दोन आखूड. इंजिनावर असाल तर एकच लांब. बारा मीटरपेक्षा लहान होडीला नेमका हाच क्रम आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचा केलेला नाही, पण दोन मिनिटांच्या आत जोराचा आवाज करणं सक्तीचं आहे. स्टीलचं पातेलं आणि पळीही चालते. डोलकाठीवर रडार परावर्तक टांगलेला असू द्या, फायबरची होडी जहाजाच्या रडारवर नीट उमटत नाही.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की शिडाच्या होडीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची असते. तो नियम दोघं एकमेकांना दिसत असतील तेव्हाचा. धुक्यात कुणालाच अग्रहक्क नाही. आणि या मार्गावर मोठी जहाजं खरोखर आहेत: रेवदंड्याच्या खाडीत साळाव जेट्टीकडे जाणारे बार्ज, राजपुरीच्या खाडीत दिघी बंदराची जहाजं, दाभोळच्या मुखाशी वायूवाहू जहाजांचं टर्मिनल आणि त्याचं प्रतिबंधित क्षेत्र. शिवाय आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे या फेऱ्या खाडी आडवी कापतात. म्हणून धुक्यात खोल वाटेतून बाजूला व्हा, जिथे मोठं जहाज येऊच शकत नाही अशा उथळ पाण्यात जा आणि नांगर टाका. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडायचा, आणि खोली मोजायची ती भरतीची. आत्ता तीन मीटर आहे, भरतीला दोन मीटर चढेल, पाण्यापासून होडीचा कठडा एक मीटर. झाले सहा, दोर तीस मीटर.

नांगर टाकण्याजोगी जागा नसेल तर मोजून चालावं लागतं. नारळाच्या सोडणाचा एक तुकडा पुढच्या टोकावरून पाण्यात टाका आणि तो मागच्या टोकापाशी पोहोचेपर्यंत सेकंद मोजा. पंचवीस फुटी, म्हणजे साधारण साडेसात मीटरच्या होडीला तीन सेकंद लागले तर वेग ताशी पाच सागरी मैल. पाच सेकंद लागले तर तीन मैल. ताशी पाच मैलांनी बारा मिनिटांत एक मैल. आता होकायंत्राची दिशा आणि ही मिनिटं, एवढ्यावर नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत जाता येतं. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास शून्य आहे, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही. फक्त होकायंत्राशेजारी मोबाइल, स्पीकर किंवा चाकू ठेवू नका. या सगळ्याचा सराव आपल्याकडेच करता येतो. बालाघाटच्या माथ्यावर डिसेंबरात पहाटे जे धुकं पडतं, त्यात मोकळ्या माळावर होकायंत्र आणि घड्याळ घेऊन चौकोन चालून पाहा. निघालेल्या दगडापाशी परत येता आलं तर होडीतही येईल.

जाळ्यांचं संकट धुक्याइतकंच. रायगडच्या किनाऱ्याजवळ डोल जाळी खांबांना बांधून पाण्यात उभी असतात, वर खूण म्हणून थर्माकोल किंवा प्लॅस्टिकचे कॅन. ती कोळ्यांची रोजीरोटी आहे. पंख्यात जाळं अडकलं तर तुमचा पंखा जातो आणि त्यांचा महिनाभराचा धंदा. जाळं दिसलं तर लांबून वळा. आणि बंदरात पोहोचल्यावर कोळीवाड्यात जाऊन उद्याच्या वाटेत जाळी कुठे आहेत ते विचारा. राजपुरीला मुक्काम असेल तर तासभर जेट्टीवर बसून जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या होड्या पाहा. गर्दीने भरलेली होडी किल्ल्याच्या दरवाज्याशी आणताना तो नावाडी शीड किती आधी सोडतो आणि उरलेल्या वेगावर कसा टेकतो, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

खाडीच्या आत, नदीत शिरायचं असेल, तर वर पाहायची सवय लावा. जमिनीवरचे लोक फक्त खाली पाहतात. रेवदंडा-साळाव पूल मुखापासून जवळच आहे. डोलकाठी उभी ठेवून त्याखालून जाता येईल का, हे भरतीच्या पातळीला धरून आधी मोजलं पाहिजे. विजेच्या तारा त्याहून धोकादायक, कारण त्या दुरून दिसत नाहीत आणि डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. संशय असेल तर डोलकाठी उतरवा किंवा मागे फिरा. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, 2016 मधल्या 111 जलमार्गांच्या यादीत सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका आहेत, आणि गंमत म्हणजे आपल्या कळंबच्या शिवेवरून वाहणाऱ्या मांजरेचा खालचा पट्टाही आहे. यादीत नाव आलं म्हणून वाट आखलेली, दिवे लावलेले असतील असं समजू नका. नदीच्या वळणावर खोल पाणी बाहेरच्या काठाला आणि गाळ आतल्या काठाला, हा तेरणेला लागू असलेला नियम वाशिष्ठीलाही लागू आहे. वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा संध्याकाळची डुबकी नको.

माणसं चार असावीत, तीनही चालतील, पाच नकोत. एकाचा शब्द अंतिम, आणि तो कोण हे किनाऱ्यावरच ठरवा. होडीत लोकशाही नसते. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. खाण्याच्या बाबतीत आपण कोकणापेक्षा पुढे आहोत: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकते, चूल लागत नाही, आणि उचंबळणाऱ्या पोटालाही चालते. पाणी माणशी रोज चार लिटर. ओळखपत्रं आणि होडीची कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हाताशी ठेवा; सागरी पोलीस वाटेत थांबवतात आणि थांबवायलाच हवं. निघण्यापूर्वी स्थानिक बंदर अधिकाऱ्याकडे नोंद करा. वारा आणि लाटांचा अंदाज हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रोज देते. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर तो तुम्हालाही आहे.

शेवटचं काम घरच्यांचं. कुठून निघणार, कुठे पोहोचणार, होडीचा रंग, शिडाचा रंग, सोबतच्या प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर, हे सगळं एका कागदावर लिहून धाराशिवला एका जबाबदार माणसाकडे ठेवा. रोज संध्याकाळी नांगर टाकला की त्याला फोन. ठरल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही, तर त्याने वाट पाहत बसायचं नाही: तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093. होडीत व्हीएचएफ रेडिओ असेल तर तो चॅनल 16 वर सतत चालू ठेवा. हे दोन नंबर त्या कागदाच्या सर्वांत वर, मोठ्या अक्षरात लिहा.